‘कसा शे भो?’ ही टपोरी भाषा कशी काय? आपल्या हाका आणि रामराम कुठून आले, सांगा

कोंडाईबारी

राम राम मंडळी.

मी एसटीत वाहक आहे. गेली चार वर्षं बहुतेक धुळे–सुरत गाडीवरच असते. प्रश्न आपल्या खानदेशी भाषेचा आहे, पण मनाला लागलेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या आठवड्यात माझे सासरे मुलीला आणायला शाळेत गेले होते. मुलगी सातवीत आहे. फाटकातून पळत आली आणि रोजच्यासारखी म्हणाली, “कसा शेतस आबा? जेवण व्हयनं का?” म्हणजे कसे आहात, जेवण झालं का. शेजारी उभ्या असलेल्या शाळेतल्या एका बाईंनी तिला चारचौघांत थांबवलं. “ही टपोरी भाषा घरी. इथं नीट मराठीत बोलायचं.” आबा काही बोलले नाहीत. तिचं दप्तर खांद्याला लावलं आणि घरी आले. शाळेत ते अजूनही जातात, पण फाटकाशी उभे राहत नाहीत. पलीकडे रसवंतीपाशी थांबतात. पोरगी जवळ गेली की नुसतं “चाल” म्हणतात. ज्या माणसाच्या तोंडून अख्ख्या गल्लीची विचारपूस व्हायची, तो माणूस नातीशी रस्त्यात बोलेनासा झालाय.

टपोरी म्हणजे काय, हेच मला समजून घ्यायचंय. कारण माझं सगळं काम हाकांवर चालतं. सकाळी गाडी धुळ्याहून सुटली की कुसुंबा, नेर, साक्रीपर्यंत मी ‘मास्तर’ असते. बाई कंडक्टर असले तरी मास्तरच. “ओ मास्तर, फाट्यावर उतरनं शे!” म्हाताऱ्या बायका “काय वं माय, कशी शे?” म्हणत पुढच्या सीटवर बसतात. साक्रीहून एक बागवान चाचा चढतात, त्यांचं “सलाम आपा” कधी चुकत नाही. दहिवेल मागे पडलं, कोंडाईबारीचा घाट उतरला की विसरवाडीला टोपल्या घेऊन बाया येतात. त्यांच्यातली तरुण पोरं “जोहार ताई” म्हणतात. नवापूरनंतर हद्द ओलांडली की सोनगड, व्यारापर्यंत “केम छो बेन”. बारडोलीपासून पुढे मी ‘मॅडम’. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरच्या एका फेरीत एकाच बाईला इतकी नावं मिळतात, आणि त्यातलं एकही ऐकताना मला कमीपणा वाटत नाही. उलट कोण कुठून चढलं हे मला मान वर न करता कळतं.

अजून एक प्रसंग सांगते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरतेहून परतीची गाडी आपल्याच माणसांनी भरते. उधना, लिंबायत भागात किती खानदेशी कुटुंबं राहतात, तुम्हाला माहीत आहेच. गेल्या आखाजीला सात-आठ वर्षांचा एक मुलगा खिडकीशी बसला होता. मी तिकीट फाडायला गेले तर मला म्हणतो, “कसा छे मावशी?” बापानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, “छे नही रे, शे.” पोरगं मनाशी दोनचारदा घोकत राहिलं, शे, शे, शे. आणि साक्रीच्या स्टँडवर उतरताना मोठ्यानं ओरडलं, “येस मावशी!” इंग्रजी येस नव्हे बरं का, आपलं येस, म्हणजे ‘येतो’. ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं. म्हणून शाळेतली गोष्ट जास्त लागली.

तर जाणकारांनी सांगावं. हे ‘शे’ मोडकं मराठी आहे का? ‘भो’, ‘मास्तर’, ‘उस्ताद’, ‘जोहार’, ‘काय हालहवाल’ हे शब्द आले कुठून? मला बाईंशी भांडायचं नाही. आबांना काहीतरी खरं सांगता यावं, एवढंच हवंय.

बोरीकाठ

ताई, मी अमळनेरला ३१ वर्षं मराठी शिकवलं. तुमच्या मुलीला थांबवणाऱ्या बाईंच्या जागी मीही कधीकाळी उभा राहिलो आहे, आणि त्याचं मला आज मनापासून वाईट वाटतं.

‘शे’ मोडकं मराठी नाही. गुजरातीत ‘छे’, राजस्थानी बोलींत ‘छै’, आपल्याकडे ‘शे’. एकाच घरातली ही भावंडं. तुमच्या गाडीतल्या मुलानं ‘कसा छे’ म्हटलं ते म्हणूनच इतकं सहज आलं. त्यानं एका भावंडाच्या जागी दुसरं बसवलं. ब्रिटिश काळात ग्रिअर्सननं भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं. त्यात खानदेशी ही मराठीच्या खंडात नाही, तर १९०७ मध्ये निघालेल्या खंडात भिल्ली बोलींसोबत मांडलेली आहे. त्या वर्गीकरणावर अभ्यासकांत आजही वाद आहेत. पण ती ‘बिघडलेली मराठी’ म्हणून मांडलेली नाही, हे आबांना जरूर सांगा. आजच्या जनगणनेतही खानदेशी वेगळी मोजतात. २०११ मध्ये ती मातृभाषा म्हणून सांगणारे १८ लाखांवर लोक होते.

आता ‘हालहवाल’. इथं मला थांबावंसं वाटतं, कारण हा शब्द आपण रोज वापरतो आणि त्याच्या पोटात काय आहे ते पाहत नाही. ‘हाल’ अरबी, अर्थ स्थिती. त्याचं अनेकवचन ‘अहवाल’. म्हणजे सरकारी कचेरीत जो अहवाल सादर करतात तो, आणि पारावर म्हातारा विचारतो तो हालहवाल, शब्द एकच. ‘हाल’ला मात्र मराठीत दुःख चिकटलं. ‘फार हाल झाले’ म्हणताना आपण मूळात ‘फार स्थिती झाल्या’ असं म्हणतो आहोत, पण ऐकणाऱ्याला कष्टच दिसतात. त्याच ‘हाल’ला फारसी ‘खुश’ जोडला की ‘खुशहाल’, त्यातून आपलं ‘खुशाल’ आणि ‘खुशाली’. माझ्या वडिलांची पोस्टकार्डं अजून माझ्याकडे आहेत. सुरुवातीला ‘अनेक आशीर्वाद, वि. वि.’ (विनंती विशेष) आणि शेवटी, जागा संपत आली म्हणून कडेनं उभं लिहिलेलं, ‘खुशाली कळवणे’. संस्कृत आशीर्वादानं उघडलेलं पत्र अरबी-फारसी शब्दानं मिटायचं. वडिलांना त्यात काही जोडल्यासारखं कधी वाटलं नसेल.

आणि ‘मजेत’! कसं काय विचारलं की आपण म्हणतो मजेत, तुमचे व्याऱ्याचे प्रवासी म्हणतात ‘मजामां’. फारसीत ‘मझा’ म्हणजे चव. जिभेची चव पुढं जिवाची झाली.

हे शब्द इथं कसे पोचले याचं उत्तर तुमच्या गाडीच्या रस्त्यातच आहे. फारूकी सुलतानांनी १३८२ पासून १६०१ पर्यंत, आधी थाळनेर आणि मग बऱ्हाणपूर राजधानी करून, खानदेशावर राज्य केलं. त्यांच्या दरबाराची भाषा फारसी. अकबरानं १६०१ मध्ये अशीरगड घेतल्यावर मुघल आले. सुरत बंदरातला माल बऱ्हाणपूरवरून आग्र्याकडे जायचा तो याच पट्ट्यातून. दोनशे-तीनशे वर्षं ज्या वाटेनं बैलांचे तांडे, सराफ, शिपाई, फकीर गेले, त्या वाटेवरच्या माणसानं परक्या पाहुण्याला त्याच्या शब्दात विचारायला शिकावं, यात नवल नाही.

जाता जाता ‘साहेब’. अरबीत ‘साहिब’ म्हणजे मुळात सोबती. मालक हा अर्थ नंतरचा. “काय साहेब” म्हणणारा नकळत “काय सोबत्या” म्हणत असतो.

भुसावळकर

सरांनी इतकं छान लिहिलंय, मी फक्त हातगाडीवरचं थोडं आणतो. (आमच्या वर्कशॉपात हत्यारांच्या गाडीला हातगाडीच म्हणतात.)

ताई, तुम्हाला ‘मास्तर’ म्हणतात ना, तो आणि गवंडीकामाचा ‘मिस्त्री’ हे सख्खे भाऊ आहेत. लॅटिनमध्ये ‘मागिस्तेर’ म्हणजे शिकवणारा, वरचा माणूस. त्याचं इंग्रजीत मास्टर झालं, आपण मास्तर केलं. पोर्तुगीजांत त्याचं ‘मेस्त्रे’ झालं, ते किनाऱ्यावरून देशात येता येता मिस्त्री झालं. म्हणजे शाळेतले मास्तर, गाडीतल्या मास्तर आणि आमचे फिटर मिस्त्री एकाच आजोबाचे. ‘मॅडम’ फ्रेंच आहे, मूळ अर्थ ‘माझ्या बाई’. विसरवाडीच्या बायका नुसतं ‘बाई’ म्हणतात, बारडोलीवाले तेच फ्रेंचमध्ये म्हणतात.

‘उस्ताद’ फारसी. ट्रकवाल्यांत ड्रायव्हरला उस्ताद म्हटल्याशिवाय क्लीनर गाडीला हात लावत नाही. ‘बॉस’ डच आहे, ‘बास’ म्हणजे मालक. डच लोक अमेरिकेत गेले तिथं तो इंग्रजीत शिरला आणि फिरत फिरत आमच्या पानटपरीवर आला. ‘यार’, ‘दोस्त’ दोन्ही फारसी.

आमच्या वडिलांना शेडमध्ये सगळे ‘खलाशी’ म्हणून हाक मारायचे. पदच ते होतं, रेल्वेत खलाशी. मी लहान असताना शाळेच्या पुस्तकात खलाशी म्हणजे जहाजावरचा माणूस असं वाचलं आणि घरी येऊन विचारलं, तुम्ही समुद्रावर कधी गेलात? भुसावळला समुद्र कुठला! पण बंदरावरचा शब्द रेल्वेनं उचलला आणि इंजिनाच्या शेडमध्ये आणून ठेवला. वडील म्हणाले, “इथंबी भोंगा वाजते, इथंबी दोर ओढतो.” त्यांच्याच बॅचमध्ये आंध्राकडचे एक होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. गंमत बघा, आपल्याकडं घरोघरी अण्णा, अप्पा, अक्का आहेत ते शब्द दक्षिणेच्या भाषांचेच. तेलुगूत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. ते गृहस्थ आमच्या आजोबांना अण्णा म्हणायचे आणि आजोबा त्यांना अण्णा म्हणायचे. दोघांनाही आपापल्या भाषेत बोलल्यासारखं वाटायचं.

एक ‘हॅलो’चं राहिलं. टेलिफोन काढणाऱ्या बेलला फोन उचलल्यावर ‘अहॉय’ म्हणावं असं वाटत होतं, जी जहाजावरची हाक. १८७७ मध्ये एडिसननं ‘हॅलो’ सुचवलं आणि ते टिकलं. नाहीतर आज आपण फोनवर “अहॉय, कोन बोलतंय?” म्हणालो असतो.

गिरणाथडी

माझं मत थोडं वेगळं आहे. शाळेत प्रमाण मराठी यायलाच हवी, नाहीतर पुढं मुलांचंच नुकसान होतं. चारचौघांत बोलणं चूक, पण सुधारणं चूक नाही. आणि ‘भो’ तर चक्क संस्कृत आहे. नाटकांत ‘भो राजन्’ असं येतं. हे सांगितलं तर शाळेत कुणी हरकत घेणार नाही.

बोरीकाठ

प्रमाण मराठी शिकवावी, याबद्दल दुमत नाही. पण आजोबांची विचारपूस हा शाळेतला धडा नव्हता.

‘भो’बद्दल मात्र अडवतो. संस्कृतात ‘भोः’ ही हाक आहे हे खरं. पण आपलं ‘भो’ म्हणजे भाऊच, बोलण्याच्या घाईत आखडलेला. “कारे भो” आणि “का रे भाऊ” एकाच माणसाला, एकाच सुरात म्हटलं जातं. भ्राता, मग भाऊ, मग भो. तसंच भगिनीची बहीण आणि गुजरातीत बेन. भावाला संस्कृतचा दाखला मिळाला तरच त्याला शाळेत घेणार, असं नको व्हायला.

तळोदेकर

ताईंनी ‘जोहार’ विचारलंय आणि अजून त्यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी भिल्ल आहे, तळोदा तालुक्यातला.

हा शब्द सातपुड्यात आहे, आणि इथून कितीतरी लांब झारखंडातही आहे. तिथं संताळ, मुंडा, हो लोक एकमेकांना जोहार करतात. आमच्याकडे जुनी माणसं राम रामच म्हणायची. जोहार माझ्या पिढीनं जाणूनबुजून मोठ्यानं म्हणायला घेतला. पण हाच शब्द मराठी मुलखात वेगळं ओझं वाहत होता. महार समाजाला गावातल्या वरच्या जातींपुढे ‘जोहार मायबाप’ म्हणावं लागे. चोखोबांच्या अभंगात तो आहे. पुढं आंबेडकरी चळवळीनं तो टाकला आणि ‘जय भीम’ आलं. ते रुजवण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना देतात. म्हणजे एका समाजानं जो शब्द वाकायला लावतो म्हणून सोडला, तोच दुसऱ्या समाजात मान ताठ ठेवून बोलला जातो. दोघांचंही मला पटतं. इटलीत ‘चाव’ म्हणतात ना, त्याचंही असंच आहे. व्हेनिसच्या बोलीत तो ‘मी तुमचा गुलाम’ असा होता. आता तिथली शाळकरी पोरं एकमेकांना म्हणतात.

आमच्या भागातला एक रामराम अजून सांगतो, जो बाहेर फार कुणाला माहीत नाही. मोरवडचे संत गुलाम महाराज. १९३० च्या दशकात त्यांनी आदिवासींना दारू सोडायला सांगितलं, आरतीला एकत्र बसवलं, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणायला सांगितलं. ‘आप की जय’ हे त्यांच्या लोकांचं अभिवादन. ज्यांना सावकार, शिपाई, फॉरेस्टवाले सगळे अरेतुरे करायचे, त्यांनी हिंदीतला सगळ्यात आदराचा शब्द घेतला आणि तो वरच्याला न देता शेजारच्याला दिला. माझी आजी आजोबांना शेवटपर्यंत ‘आप’ म्हणायची. बाकी सगळं बोलणं भिल्लीत, आणि मधे तो एक शब्द. आजोबा बाजारातून आले की ती ओट्यावर पाण्याचा तांब्या ठेवायची आणि म्हणायची, “आप.” एवढंच. बसा, पाणी घ्या, दमलात का, सगळं त्यात यायचं.

तुमच्या गाडीतली पोरं ‘जोहार ताई’ म्हणतात, तेव्हा तुम्ही परत काय म्हणता?

कोंडाईबारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सुरतेला मुक्काम होता, विश्रांतिगृहात बसून सगळं वाचलं, आमच्या ड्रायव्हरदादांनाही वाचून दाखवलं. मास्तर आणि मिस्त्रीचं ऐकून ते म्हणाले, “मी गाडी चालवतो, मग मी कोण?” मी म्हटलं, उस्ताद. आज दिवसभर मी त्यांना उस्तादच म्हटलं.

तळोद्याच्या दादांनी विचारलंय त्याचं खरं उत्तर देते. आतापर्यंत मी “हो, बसा” एवढंच म्हणायचे. जोहारला जोहार म्हणायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. आज परतीच्या फेरीत नवापूरला म्हटलं. कॉलेजची तीन पोरं होती. त्यातल्या एकानं पुस्तकांची पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि पुन्हा म्हणाला, “जोहार ताई.” मग विसरवाडीला उतरेपर्यंत तो मला त्यांच्या बोलीतले शब्द सांगत होता. उतरताना म्हणाला, नवापूर स्टेशनवर हद्दीची रेघ बाकड्यातून जाते, अर्धं बाकडं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, एकदा बघाच. मी इतक्या वर्षांत बसस्टँडच्या पुढं गेले नव्हते. पुढच्या सुट्टीत मुलीला घेऊन जाणार आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर आबांना सरांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. १९०७, जनगणना, १८ लाख, सगळं. आकड्यांवर ते काही बोलले नाहीत. पोस्टकार्डापाशी मला थांबवलं आणि “खुशाली कळवणे” परत वाचायला लावलं. मग बराच वेळ तंबाखू मळत बसले. नंतर एकदम विचारलं, “म्हंजे ते गुजराथी ‘छे’ आन आपलं ‘शे’ भाऊ-भाऊ शेतस का?” मुलगी आतून ओरडली, “शेतस आबा!”

सोमवारी मला सुट्टी आहे. शाळेत मी जाणार होते, पण आबा म्हणाले मीच जातो.

आता माझी एक विनंती. चाळीसगाव, पाचोरा, जामनेरकडचं कुणी असेल तर तिकडे अनोळखी बाईला काय म्हणून हाक मारतात, आणि म्हातारी माणसं भेटल्यावर पहिला शब्द कोणता काढतात, ते जसं बोलतात तसं लिहा. मी वहीत उतरवून घेतेय. उद्या पुन्हा सुरत मुक्काम आहे, रात्री वाचीन.

येस मी.